डोक्यातलं पोटॅश

मला फिट येण्याआधी आई येते. हे वाक्य मी आजवर कुठल्याही डॉक्टरला या शब्दांत सांगितलेलं नाही. त्यांना मी सांगते की आधी एक वास येतो, मग कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतं, मग पोटातून काहीतरी वर चढत जातं आणि पुढचं आठवत नाही. ते मान डोलावतात, लिहून घेतात, पुढचा प्रश्न विचारतात. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही, आणि मीही आपण होऊन सांगत नाही. आईला जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

वास द्राक्षाच्या फुलोऱ्याचा असतो. ज्याने तो कधी घेतला नाही त्याला समजावणं अवघड आहे. द्राक्षाचं फूल दिसायला अगदी दरिद्री. हिरवट, बाजरीच्या दाण्याएवढं, धड पाकळ्यासुद्धा दिसत नाहीत. पण सगळी बाग एकदम फुलोऱ्यात आली की सकाळच्या गारव्यात मांडवाखाली एक हलका गोडसर वास साचून राहतो. त्यात ओल्या मातीचा आणि भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारलेल्या गंधकाचा वास मिसळला की तो आमच्या घरचा वास. आमची बाग निफाडच्या पुढे, विंचूरच्या अलीकडे आहे, आणि माझं सगळं लहानपण त्या मांडवाखाली गेलं. आता मी नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथे खाली बेकरी आहे, त्यामुळे फुलोऱ्याचा वास आला की तो कुठून येतोय याबद्दल माझ्या मनात शंका राहत नाही.

आई मला दिसत नाही. ती मागे असते, उजव्या खांद्याच्या जरा मागे. तिचे हात ओले असतात. ते मला कसं कळतं हे सांगता येणार नाही, पण कळतं. घड मोठे व्हावेत म्हणून संजीवकाच्या पाण्यात एकेक घड बुडवून काढायचा असतो, त्याला आमच्याकडे डिपिंग म्हणतात, आणि त्या दिवसांत आईचे हात सकाळपासून ओले असायचे. त्या ओल्या हातांनी ती उभी असते आणि मला काहीतरी सांगणार असते. तिने श्वास घेतलेला मला ऐकू येतो. तेवढ्यात सगळं जातं. शुद्धीवर येते तेव्हा मी जमिनीवर असते, जीभ चावलेली असते आणि नवरा माझं नाव घेत असतो.

बहुतेक लोकांना फिटच्या आधी जळक्या रबराचा नाहीतर कुजक्या अंड्याचा वास येतो, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या मानाने तुमचं नशीब बरं, असंही म्हणाले. मीही हसले. बाकीच्यांच्या वाट्याला रबर आलं, माझ्या वाट्याला आई आली, तर नशीब बरंच म्हणायचं.

गंमत अशी की हा सगळा विषय मी स्वतःच शिकवते. इथल्या एका फार्मसी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवून मला अर्धं आयुष्य होत आलं. मेंदूचं प्रकरण आलं की मुलं पेंगायला लागतात, म्हणून मी त्यांना आधी सांगते की चेतापेशींचा फार बोलबाला झालाय, जरा त्यांच्या शेजारणींकडे बघा. चेतापेशींच्या आजूबाजूला ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पेशी असतात, त्यांना अॅस्ट्रोसाइट म्हणतात. त्यांची कामं बरीच, पण एक काम असं की ते थांबलं तर सगळंच बिघडेल. चेतापेशी संदेश पाठवते तेव्हा बाहेरचं सोडियम आत जातं आणि आतलं पोटॅशियम बाहेर पडतं. पेशींच्या मधली जागा अगदी चिंचोळी. तिथे थोडं जरी पोटॅशियम साठलं तरी शेजारच्या पेशी उगाचच चाळवतात आणि कारण नसताना संदेश पाठवायला लागतात. त्यांचंही पोटॅशियम बाहेर येतं. मग त्यांच्या शेजारणी. अॅस्ट्रोसाइट हे सांडलेलं पोटॅशियम उचलून आत घेतात. त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून एकीने उचललेलं ती पुढचीला देते, ती तिच्या पुढचीला, आणि गर्दीच्या जागेवरचं पोटॅशियम लांब, जिथे ते कमी आहे तिथे, नाहीतर रक्तवाहिनीच्या कडेला पोचतं. वाटून वाटून ते इतकं पातळ होतं की कुणालाच त्याचा त्रास होत नाही.

इथे मी मुलांना बागेतल्या ओळीचं उदाहरण देते. घडात द्राक्षाचे मणी दाटीने लागले की ते विरळ करावे लागतात. बायका मांडवाखाली ओळीने उभ्या राहून, मान वर करून, छोट्या कात्रीने दिवसभर मणी कापतात. मान आणि खांदे दुखायला लागले की कुणीतरी कुणावर तरी खेकसतं, ती तिसरीवर, आणि बघता बघता सगळी ओळ भांडायला उठते. आमच्या बागेत हे सहसा व्हायचं नाही, कारण ओळीत मध्ये आई असायची. भडकलेल्या बाईचं सगळं गाऱ्हाणं ती आधी स्वतः ऐकून घ्यायची, त्यातलं थोडं चेष्टा करून पलीकडच्या बाईला सांगायची, ती आणखी पुढे, आणि ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत त्या भांडणाची निव्वळ गंमत उरलेली असायची. मुलांना हे पटकन कळतं. ती बाई कोण होती, हे मी वर्गात सांगत नाही.

माझ्या मेंदूचा एमआरआय झाला तेव्हा रिपोर्ट मीच आधी उघडला. उजव्या कानाच्या आतल्या बाजूला, जिथे वास आणि आठवणी शेजारी शेजारी राहतात, तिथे एक जुना व्रण होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, ग्लायोसिस. हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. अशा व्रणात चेतापेशी मेलेल्या असतात आणि अॅस्ट्रोसाइट दाटी करून बसलेल्या असतात, पण त्या कामाच्या उरलेल्या नसतात. ज्या दारांतून पोटॅशियम आत घ्यायचं ती दारंच त्यांच्यात कमी झालेली असतात. म्हणजे ओळीत बाई उभी आहे, पण कुणाचं ऐकून घेत नाही. फिटला एवढं एकच कारण नसतं, आणखीही बऱ्याच गोष्टी असतात, परीक्षेत कुणी एवढंच लिहिलं तर मी अर्धेच मार्क देईन. पण स्वतःचा रिपोर्ट वाचताना मला तेवढंच दिसलं.

व्रण कधीचा, हे डॉक्टरांनी विचारलं. मी तीनेक वर्षांची असताना तापात मला झटके आले होते आणि लवकर थांबले नव्हते, ही घरातली जुनी गोष्ट आहे. आई तेव्हा डिपिंग करत होती. आमच्या भागातल्या रिवाजाप्रमाणे कुणीतरी कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. आईने तो भिरकावून दिला, मला उचललं आणि येवल्याहून येणारी एसटी रस्त्याच्या मधोमध उभी राहून अडवली. निफाडच्या दवाखान्यापर्यंत तिने मला खांद्यावर तसंच धरलं होतं. फुलोऱ्याचे दिवस होते. ही सगळी गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की मी ज्याला आई येते म्हणते, तो कदाचित तोच प्रवास असेल. मला फार बरं वाटलं. आणि फार रडू आलं. डॉक्टरांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. रिपोर्टमुळे मी घाबरले, असं त्यांना वाटलं असणार.

घरी सगळ्यात जास्त घाबरला तो दादा. दादा माझा मोठा भाऊ, बाग तोच बघतो. पोटॅशियमचा घोळ आहे असं मी त्याला फोनवर सांगितलं आणि तिथेच माझं चुकलं. द्राक्षवाल्यासमोर पोटॅशियम म्हणजे वेलीला घालायचं पोटॅश खत, आणि पोटॅश म्हणजे त्याच्या रोजच्या जेवणातल्या मिठासारखा विषय. दुसऱ्याच दिवशी तो नाशिकला हजर झाला. दर वर्षी येणारी बेदाण्याची पिशवी या खेपेला नव्हती. "बेदाणा बंद," तो आल्या आल्या म्हणाला. "केळं बंद, नारळपाणी बंद. डोक्यात पोटॅश चढलंय आन तू नारळपाणी पिती व्हय?"

मी त्याला समजावलं की खाण्यातलं पोटॅशियम असं मेंदूत शिरत नाही, मधे मोठा पहारा असतो. माझ्या रक्तातलं पोटॅशियम तपासलंय, ते अगदी बरोबर आहे. रिपोर्ट दाखवला. त्याने तो देठ तपासणीचा रिपोर्ट बघतात तसा लांब धरून बघितला. वेलीला काय कमी आणि काय जास्त हे कळायला पानाचा देठ प्रयोगशाळेत पाठवतात, आणि फुलोऱ्यात तो घडासमोरच्याच पानाचा घ्यायचा असतो, भलत्याच पानाचा घेतला तर सगळी तपासणी फुकट जाते. दादाने रिपोर्ट टेबलावर ठेवला. "सॅम्पल चुकीच्या जागेचं घेतलंय," तो म्हणाला. "हातातून कशाला रगत घ्यायचं? बिघाड हाय डोक्यात." मग जरा विचार करून म्हणाला, "आन वेलीत पोटॅश जास्त झालं तर मॅग्नेशियम द्यायचं आस्तं. ते इचारलं का डॉक्टरला?" माझा नवरा हसत हसत स्वयंपाकघरात पळाला. मी हसले नाही, कारण दादाचे डोळे लाल झाले होते. पुढे कित्येक महिने त्याने मला एक द्राक्षसुद्धा खाऊ दिलं नाही. स्वतःच्या बागेतली द्राक्षं परदेशी जाताना बघायची आणि गप्प बसायचं, एवढंच माझ्या हाती होतं.

गोळ्या सुरू झाल्या आणि लागू पडल्या. वर्ष-दीड वर्ष एकही फिट आली नाही. घरात सगळे निश्चिंत झाले. मी पुन्हा एकटी बाजारात जायला लागले, पेपर तपासायला लागले, नवऱ्यावर चिडायला लागले. आणि आई यायची बंद झाली.

हे कुणाला सांगायचं, हा प्रश्नच होता. लोक देवळात जाऊन जे मागतात ते मला मिळालं होतं. तरी संध्याकाळी भांडी घासताना मी मधेच नळ बंद करून उभी राहायची. उजव्या खांद्यामागे कुणी आहे का, ते बघायला. मागे फ्रिज असायचा. आईचे फोटो आहेत, माझ्या लग्नाची कॅसेट आहे, तिचं एक लुगडं मी ठेवलंय. त्यांतून ती मला आठवते. पण आठवणं वेगळं आणि ती येऊन उभी राहणं वेगळं, आणि ते उभं राहणं कशाने होतं ते मला फळ्यावर काढून दाखवता येतं. त्या व्रणाच्या कोपऱ्यात पोटॅशियम साठतं, कुणी उचलत नाही, तिथल्या पेशी पेट घेतात. आग त्या कोपऱ्यातच असते तोवर आई असते. कोपरा ओलांडला की फिट. मला ते सगळं ठाऊक होतं आणि ठाऊक असल्याने माझी ओढ तसूभरही कमी झाली नाही.

या पावसाळ्याच्या शेवटी ती परत आली. मी दूध तापवत होते. वास आला, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मी आनंदाने डोळे मिटले. गॅस बंद करायला हवा होता, तेवढा वेळ होता. मी तो वेळ तिला दिला. शुद्ध आली तेव्हा नवऱ्याने गॅस बंद केलेला होता आणि माझं मनगट भाजून पातेल्याच्या काठाची खूण उमटली होती. डॉक्टरांनी गोळीची ताकद दुप्पट केली. चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. नवऱ्याला सांगितलं की नवीन गोळ्या आणल्या आहेत, आणि जुन्याच घेत राहिले. बागेतला यंदाचा फुलोरा होऊन जाऊ दे, मग बघू, असं मी स्वतःला म्हणत होते. त्यानंतर दोनदा फिट आली, सुदैवाने दोन्ही वेळा मी पलंगाजवळ होते. दोन्ही वेळा आईने श्वास घेतला, पण ती बोलली नाही.

भाऊबीजेला मी गावी गेले. नवऱ्याने बसमध्ये बसवून दिलं आणि दादा निफाडच्या स्टँडवर घ्यायला आला, कारण मला एकटं सोडायचं नाही असं त्या दोघांनी फोनवर परस्पर ठरवलेलं होतं. दादाने यंदा छाटणी लवकर घेतली होती, त्यामुळे बाग ऐन फुलोऱ्यात होती. वहिनी औक्षणाच्या तयारीत होती. दादा म्हणाला, चल, बाग दाखवतो. आम्ही मांडवाखाली वाकून आत गेलो आणि वास आला.

मी जागच्या जागी थांबले. खाली बसून घेतलं, कारण पडायचं तर मातीत पडावं. उजव्या खांद्यामागे लक्ष ठेवून वाट बघू लागले. दादा दोन वेली पुढे गेला होता. तो वळला आणि मला तशी बसलेली बघून धावत आला.

"काय गं? येती का?"

"दादा, तुला वास येतोय?" मी विचारलं.

"येतोय की. फुलोरा हाय. ओळीभर येतोय."

म्हणजे वास खरा होता. बागेचा होता, सगळ्यांसाठी होता. मागे कुणी नव्हतं. मला इतकं रडू फुटलं की दादाला वाटलं फिटच आली, त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि एका कुशीवर वळवायला लागला, जसं मी त्याला शिकवलं होतं. मी त्याचा हात बाजूला केला आणि पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. वास, ओले हात, तो श्वास. पर्समधली चिठ्ठीही सांगितली.

दादा मातीत बसून राहिला. मला वाटलं तो ओरडेल. "रोज येती?" त्याने विचारलं.

"रोज नाही. फिट यायची असली की."

"कशी दिसती?"

"दिसत नाही. मागे असते."

"लुगडं कोणतं हाय, कळतं का?"

"नाही रे."

"बोलती काय?"

"बोलणार असते. तेवढ्यात जाते."

तो बोटाने माती उकरत होता. "मला कधीच नाय आली," तो म्हणाला. "सपनात बी नाय. मी रोज हितंच आसतो, तिच्याच वेलीखाली." हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, लहान असताना आईने मला आधी वाढलं की म्हणायचा तसा. तुझ्या मेंदूत अॅस्ट्रोसाइट नीट काम करतात म्हणून ती येत नाही, हे खरं होतं, आणि ते मी त्याला म्हणू शकले नाही.

थोड्या वेळाने तो उठला. "ती चिठ्ठी दाव," म्हणाला. तिचा मोबाईलवर फोटो काढला, मला घरी आणून सोडलं आणि काही न सांगता गाडी काढून निफाडला गेला. वहिनीला वाटलं पेढे संपले असतील.

औक्षणाला बराच उशीर झाला. दादा पाटावर बसला, डोक्यावर टोपी घातली. मी गंध लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठीने ओवाळलं, निरांजन ओवाळलं. दर वर्षी तो साडीची पिशवी ताटाला टेकवतो आणि वहिनीने निवडली म्हणून सांगतो. या वर्षी त्याने खिशात हात घातला आणि गोळ्यांची पाकिटं ताटात ठेवली. नवीन, दुप्पट ताकदीची. ताटात आलेली ओवाळणी बहीण परत करत नाही, आमच्याकडे तर ते अशुभच मानतात. हे त्याला माहीत होतं.

"मलाबी बघायचंय तिला," तो म्हणाला. "लय बघायचंय. पण तुला पाडून नको."

वहिनीने पाण्याचा तांब्या दिला. मी तिथेच उभी राहून गोळी घेतली. दादा निरांजनाकडे बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही.

त्यानंतर आई आलेली नाही. दादाचा दर आठवड्याला फोन येतो. बागेचं सांगून झालं की तो हळूच विचारतो, "आलती का?" मी नाही म्हणते. "बरं झालं," तो म्हणतो. पण फोन मात्र आमच्यातलं कुणीच ठेवत नाही.